शामक कशाचे?

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. रोझरी आटोपून आम्ही देवळाचे दार लावीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ छत्री मिटीत व्हरांड्यात आले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. त्यांच्या आईचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता, हे आम्हांला ठाऊक होते; दर पहिल्या शुक्रवारी आम्ही तिला घरी पवित्र कम्युनियन नेऊन देत असू. गृहस्थ म्हणाले, “फादर, डॉक्टर म्हणतात, आता बरं होण्याचं औषध उरलं नाही, शामक औषध सुरू करू. आई नको म्हणते. तुमचं ऐकेल ती. पण चालेल ना?”

‘चालेल ना?’ हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला नव्हता. तो आमच्यासाठी राखून ठेवला होता. औषधाचा गुण काय आणि मात्रा किती हे डॉक्टरांनी सांगावे, ते घेतलेले देवाला चालेल की नाही हे फादरांनी सांगावे, अशी त्यांची साधी वाटणी होती. आम्ही ‘उद्या सकाळी घरी येतो’ एवढेच म्हणालो. उत्तर येत नव्हते असे नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला ते आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. परंतु ‘शामक’ हा शब्द त्या रात्री मनातून जाईना. आपण तो येता-जाता वापरतो. त्याने नेमके काय शांत होते, हे मात्र कधी विचारीत नाही. त्या एका शब्दाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘शम्’ हा धातू. शांत, शांती, शमन, उपशम ही सारी त्याच कुळातली. घरच्या औषधांच्या कपाटात वेदनाशामक, पित्तशामक, दाहशामक हे भाऊबंद शेजारी शेजारी नांदतात. रस्त्यावरून घंटा वाजवीत धावणारा अग्निशामक बंबही त्यांचाच. वेदान्ताने साधकाला सांगितलेल्या गुणांत ‘शम’ आणि ‘दम’ ही जोडी आरंभीच येते. साहित्यशास्त्रात शांतरसाचा स्थायीभाव ‘शम’ होय, असे अनेकांनी मानले आहे. एकंदरीत मोठ्या घराण्यातला शब्द.

पण ह्या घराण्यात एक काळोखी खोलीही आहे. अमरकोशात यमाला जी नावे दिली आहेत त्यांत ‘शमन’ हे एक आहे. वैदिक यज्ञात बलिपशूचा प्राण घेणाऱ्याला ‘शमिता’ म्हणत; म्हणजे शांत करणारा. पशूची धडपड थांबली की तो शांत झाला! आईच्या मांडीवर निजलेले मूलही शांत आणि यज्ञस्तंभापाशी पडलेला पशूही शांत. एकाच धातूने दोन्हींची नोंद केली, आणि आम्हांला वाटते, ती चूक म्हणून केली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही शांतता सारख्याच दिसतात.

मराठी माणसाला ही फोड करण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. आपण म्हणतो, भूक ‘शमली’. आणि आपणच म्हणतो, भूक ‘मेली’. ताटात वेळेवर भाकरी पडली की भूक शमते. वेळ टळून गेली, पोटात कालवाकालव होऊन ती आपोआप थांबली, की भूक मरते. पोट दोन्ही वेळा गप्प असते. तसेच मन शांत होणे वेगळे आणि मन मारणे वेगळे. मन मारून वीस वर्षे संसार केलेल्या सुनेच्या घरातही शांतता असतेच. पाहुणे तिची वाखाणणी करून जातात. आमच्या आयाबायांनी घडवलेल्या ह्या भाषेने जो भेद इतक्या सहजपणे जपला, तो नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांतून आम्हांला कष्टाने काढावा लागला, हे कबूल केले पाहिजे. भूक शमवायची म्हणजे तिला जे हवे ते द्यायचे. निदान, ती कशासाठी रडते आहे हे ऐकायचे. मारायची म्हणजे तिचा आवाज तेवढा बंद करायचा.

आयुर्वेदानेही ‘शमन’ ह्या शब्दाला फार विचारपूर्वक वागवले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात, शोधन आणि शमन असे दोन उपचार सांगितले आहेत. शोधन म्हणजे दोष शरीराबाहेर काढून टाकणे. शमनाची व्याख्या अशी की, ते दोषांना बाहेर काढीत नाही, जे समतोल आहेत त्यांना डिवचत नाही, जे विषम झाले आहेत त्यांना सम करते. गप्प बसवण्याचा, बधिर करण्याचा त्यात उल्लेख नाही. पुढे शमनाचे सात प्रकार दिले आहेत, आणि ते वाचून आम्हांला मोठी गंमत वाटली. पाचन आणि दीपन ही दोन समजण्यासारखी. पण उरलेली पाच म्हणजे भूक सोसणे, तहान सोसणे, व्यायाम, ऊन आणि वारा! आज शामक म्हटले की डोळ्यांपुढे गोळी आणि गुंगी येते; वाग्भटाच्या यादीत माणूस उन्हात उभा आहे आणि चालतो आहे. एकाची भूक शमवावी लागते, तर अतिखाण्याने जड झालेल्या दुसऱ्याला भूक हेच शमन. आमच्या उपवासकाळाला ह्याहून चांगले आयुर्वेदिक समर्थन मिळेल असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या घरी गेलो. त्या बाईंना सारा आळी मावशी म्हणे. आम्हीही म्हणत असू. मावशी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. जपमाळ मनगटाभोवती गुंडाळलेली होती, पण बोटे मण्यांवर फिरत नव्हती. औषधाचा विषय काढताच ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलंत ना, गुड फ्रायडेला? येशूला क्रुसावर देताना गुंगीचं दिलं, त्यानं चाखून बाजूला केलं. मग मी कोण मोठी लागून गेले?”

आम्ही सांगितले होते, हे खरे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात गंधरस मिसळलेल्या द्राक्षारसाचा प्रसंग आहे. प्रभूने तो घेतला नाही. त्यावर आम्ही त्या वर्षी बोललो होतो. प्रवचन चांगले झाले होते. दोघातिघांनी देवळाबाहेर तसे सांगितलेही होते. माणसाने दुःख पूर्ण शुद्धीत स्वीकारावे, पळवाट शोधू नये, असा त्याचा रोख होता. बाराशे माणसांच्या सभेत ते वाक्य कोणाच्या हाडांपर्यंत जाऊन पोहोचेल, ह्याचा विचार आम्ही केला नव्हता.

आम्ही विचारले, “मावशी, प्रार्थना होते का?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नमो मरिया सुरू करते. मध्येच कळ येते. मग कुठं होते ते आठवत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.” महिना-सव्वा महिना तिची एक दशकही पुरी झाली नव्हती.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की, आम्ही प्रश्न उलटा धरला होता. औषध तिची शुद्ध हिरावून घेईल, तिला देवापासून दूर नेईल, ही तिची भीती, आणि ती भीती आम्हीच पेरलेली. प्रत्यक्षात तिला मुकी करणारी गोष्ट घरात आधीच येऊन बसली होती. वेदनेने तिची प्रार्थना घेतली होती, बोलणे घेतले होते, नातवंडांना जवळ घेण्याची इच्छा घेतली होती. इथे शमिता वेदना होती.

१९५७ च्या २४ फेब्रुवारीला पोप बारावे पायस ह्यांनी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात ह्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. आयुष्याच्या अखेरीस वेदनाशामक औषधे घेण्यास हरकत नाही. त्यांनी शुद्ध मंदावली, किंवा आयुष्य काहीसे कमी झाले, तरीसुद्धा नाही. मात्र दुसरा उपाय नसावा आणि रुग्णाला आपली धार्मिक व नैतिक कर्तव्ये पार पाडण्यात त्यामुळे आडकाठी येऊ नये. दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९५ सालच्या ‘एव्हांजेलियुम व्हिते’ ह्या विश्वपत्रात तीच शिकवण पुन्हा मांडली. वेदना शमावी हा हेतू ठेवून औषध देणे एक आणि मरण यावे हा हेतू ठेवून देणे दुसरे, हेही तेथे स्वच्छ सांगितले आहे. स्वेच्छेने दुःख स्वीकारून ख्रिस्ताच्या दुःखाशी स्वतःला जोडणाऱ्याचा त्या शिकवणीत मान आहे. पण ते प्रत्येकाचे कर्तव्य आहे असे कोठेही म्हटलेले नाही. स्वीकारणे ज्याचे त्याने करावयाचे असते. ते दुसऱ्याच्या वतीने वेदीवरून करता येत नाही.

आमचे प्रवचन आम्हांला खाटेशी बसून मागे घ्यावे लागले. आम्ही म्हणालो, “मावशी, येशूने स्वतःसाठी नाही म्हटलं. पण दुखतं म्हणून त्याच्याकडे गेलेल्या एकाला तरी त्याने ‘सोस’ म्हणून परत पाठवलं का?” चारही शुभवर्तमाने आठवून पाहावीत, असा एक प्रसंग सापडत नाही. कोणी अभ्यासू वाचक येथे संत पौलाच्या शरीरातला काटा पुढे करील. तो काढावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि त्याला नकार मिळाला, हे बरोबर आहे. पण तो नकार प्रभूकडून आला. शेजारच्या धर्मगुरूकडून नव्हे. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याच्या पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यावा, असा घरगुती सल्ला दिलेला आढळतो. आपला काटा सोसणाऱ्याने तीमथ्याच्या पोटदुखीवर काट्याचे तत्त्वज्ञान सांगितले नाही.

औषध म्हणजे मॉर्फीनच्या गोळ्या. घरात कुजबुज सुरू झाली की आता हिला सवय लागणार, हिचा शेवट लवकर येणार. डॉक्टरांनी समजावले की, कर्करोगाच्या वेदनेवर मोजून आणि वेळेवर दिलेल्या मात्रेत व्यसनाची ही भीती बहुतांशी अनाठायी असते. भीतीचे मूळ मात्र जुने आहे. मॉर्फीन अफूतून निघते, आणि अफूच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी १९८५ साली झालेल्या कायद्याने ते इतके जखडले गेले की कर्करोगाच्या रुग्णांनाही मिळणे दुरापास्त झाले. २०१४ च्या दुरुस्तीने त्या अटी पुष्कळ सुटसुटीत केल्या. चोराच्या भीतीने दार इतके घट्ट लावले की घरचेच बाहेर राहिले, असा तो प्रकार होता.

पहिले दोन दिवस मावशी झोपेतच होती, आणि घरातल्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरलो नाही. तिसऱ्या दिवशी तिने आल्याचा चहा मागितला. मोगऱ्याच्या कुंड्या पावसात राहिल्या म्हणून सुनेला बोलली. मग अंथरुणावर बसून पाच दशके पुरी केली. अर्धा-पाऊण तास लागला. धाकट्या भावाशी वाडीच्या बांधावरून अकरा वर्षे बोलणे नव्हते, त्याला बोलावणे पाठवले. तो आला. दोघे त्यांच्या आईच्या हातच्या सुकटीच्या कालवणाबद्दल बोलत बसले. बांधाचा विषय निघाला नाही, असे आम्हांला नंतर कळले; त्यामुळे समेट झाला म्हणावे की नाही, हे सांगता येत नाही. पण भूक मेलेली बाई सुकटीची चव आठवू लागली होती.

मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली डॉक्टर एल. जे. डिसोझा ह्यांनी कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी भारतातला पहिला आश्रम उभारला. त्याचे नाव ‘शांती अवेदना’. ह्या दोन शब्दांचा क्रम आम्हांला विचार करायला लावतो. नुसती अवेदना पुरेशी वाटली असती तर तेवढेच नाव ठेवता आले असते. वेदना नसणे ही तर मेलेल्या भुकेचीही अवस्था असते. नुसती शांती म्हटली असती तर ते आमच्या त्या प्रवचनासारखे झाले असते. तेथे दोन्ही शब्द एका पाटीवर आहेत आणि भगिनी दोन्ही कामे त्याच हातांनी करतात.

अशा सेवेला इंग्रजीत ‘पॅलिएटिव्ह’ म्हणतात. मराठीत ‘उपशामक’ हा शब्द रूढ होतो आहे. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन ‘पॅलियम’, म्हणजे अंगरखा, पांघरूण. नव्या आर्चबिशपांना पोपकडून मिळणारा लोकरीचा पांढरा पट्टा तोच पॅलियम. पांघरुणाने व्रण झाकताही येतो आणि कुडकुडणाऱ्याला ऊबही देता येते. लॅटिनमध्येही तीच दुटप्पी गोष्ट!

औषधाच्या शामकाला निदान डॉक्टरची चिठ्ठी लागते. शब्दांच्या शामकाला काहीच लागत नाही, आणि आम्हां धर्मगुरूंच्या झोळीत ती नेहमी असतात. काही वर्षांपूर्वी एका तरुण मुलाचा रेल्वे अपघातात अंत झाला. दफनविधीआधी त्याची आई मोठमोठ्याने देवाला जाब विचारीत होती. घर माणसांनी भरलेले; सगळे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “देवाची इच्छा, बाई.” ती गप्प झाली. लोकांना बरे वाटले. आम्हांलाही वाटले, हे कशाला लपवा? एक वर्षाने, पुण्यस्मरणाच्या मिस्सानंतर, ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “फादर, त्या दिवशी मला देवाशी भांडायचं होतं. तुम्ही मधे आलात.”

आम्ही दिलेले शामक तिच्यासाठी नव्हते. तिच्या आक्रोशाने त्या खोलीत जी अस्वस्थता पसरली होती ती आम्ही शमवली. आणि त्या खोलीत सर्वांत अस्वस्थ आम्हीच होतो. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग ते बोलू लागले, देवाची बाजू मांडू लागले. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. हा अध्याय आम्ही सेमिनरीत वाचला होता. वाचलेले वेळेवर आठवत नाही, हे आमच्या पेशाचे दुखणे आहे.

आता एका टीकाकाराचे नाव घेतले पाहिजे. कार्ल मार्क्सने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात धर्माला अफूची उपमा दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला दडपलेल्या जीवाचा उसासाही म्हटले आहे, हे सहसा कोणी सांगत नाही, आमच्यातलेही नाही. त्या काळी युरोपात अफूचा अर्क औषधांच्या दुकानांत सर्रास मिळे आणि गरिबांच्या घरी दुखण्यावर तोच उतारा असे. मार्क्स धर्माला विष म्हणत नव्हता. वेदना खरी आहे, तिच्यावर घेतलेले हे शामक आहे, आणि शामक घेतले म्हणून वेदनेचे कारण जात नाही, असे तो म्हणत होता.

ह्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. गिरण्यांत कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत. १९२० च्या दशकातल्या चौकश्यांत त्याची नोंद झाली आहे. मूल चाळीतल्या खोलीत दिवसभर निपचित पडून राही. त्या आयांना दोष देणे सोपे होते आणि अनेकांनी तो दिला. पण मूल कशासाठी रडत होते? दुधासाठी, आईसाठी. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने, जिथे ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक केले. बाळगोळीवरचा खरा उतारा तो होता. खसखशीच्या बोंडाचा चीक तोच: त्याने मावशीला जपमाळेकडे परत आणले आणि त्यानेच त्या लेकरांना आईसाठी रडण्यापासून तोडले. मार्क्सच्या उपमेला आमचे उत्तर द्यायचे तर ते ह्या दोन घरांच्या मध्ये कुठेतरी उभे राहून द्यावे लागेल. आमचा धर्म कोणत्या घरी कसा दिला जातो, हे ऐकल्याशिवाय त्याला ‘तू चूक आहेस’ म्हणण्याची घाई आम्ही आता करीत नाही.

कारण आम्ही बाळगोळीही दिली आहे. एका धर्मग्रामात असताना रस्त्यासाठी जमिनीची मोजणी आली. लोक चिडून जमले. एका अधिकाऱ्याने आम्हांला निरोप धाडला, “फादर, तुमचं ऐकतात लोक. जरा शांत करा त्यांना.” आम्ही गेलो, चांगले बोललो, संयमाचे महत्त्व सांगितले. लोक शांत झाले. दुपारपर्यंत मोजणीही झाली. मोबदल्याचे काय, हे विचारायचे राहून गेले. ते विचारण्यासाठीच तर लोक जमले होते. तिथला एक वृद्ध शेतकरी कधी भेटला तर म्हणतो, “फादर, तुम्ही छान बोलता,” आणि पुढे काही बोलत नाही. लोकांचा घाव वरवर बांधून सगळे ठीक आहे असे सांगणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर यिर्मया संदेष्टा का संतापला, ते तो म्हातारा दरवेळी आम्हांला दोन शब्दांत समजावतो.

गालील सरोवरातल्या वादळाची गोष्ट ह्या संदर्भात आम्ही पुन्हा वाचली. प्रभू नावेत उशीवर झोपलेला असतो; शिष्य घाबरून ओरडतात. मार्कच्या वृत्तांतात तो उठून आधी वाऱ्याला आणि समुद्राला दटावतो. शिष्यांना बोल लावतो तो नंतर, पाणी निवळल्यावर. समुद्राला गप्प करताना जे ग्रीक क्रियापद आले आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘मुसके बांधणे’ असा आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, ह्या जुन्या आज्ञेचा दाखला तीमथ्याच्या पहिल्या पत्रात येतो, तिथेही तेच क्रियापद आहे. आमच्या शेतकरी वाचकांना मुसके म्हणजे काय ते सांगायला नको. प्रभूने मुसके बांधले ते वादळाला. ओरडणाऱ्या माणसांची तोंडे मोकळीच राहिली.

आणि तो चांगला शोमरोनी. वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, असे लूक लिहितो. द्राक्षारस जखम धुतो आणि झोंबतो. तेल आग निववते. वाग्भटाच्या भाषेत शोधन आणि शमन, एकाच हाताने, एकाच वेळी. घायाळ माणूस द्राक्षारस पडताच ओरडला असेल, असे आम्हांला वाटते. त्याला ‘गप्प’ म्हटल्याचे लूकने लिहिलेले नाही. शिवाय त्याने उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले, आणि जास्त खर्च झाल्यास परत येऊन देईन म्हणाला. आजाऱ्यांना अभ्यंग करताना आमच्या बोटाला जे तेल लागते ते त्या बाटलीतले आहे, असे आम्ही मानतो. दीनारांचे कलम मात्र आमच्या विधिपुस्तकात छापलेले नाही.

मावशी त्यानंतर सात आठवडे जगली. शेवटचे चार दिवस सोडले तर बोलत होती. अभ्यंगाचा संस्कार तिने पूर्ण शुद्धीत घेतला, प्रत्येक प्रार्थनेला स्वतः ‘आमेन’ म्हटले. एकदा आम्ही निघताना तिने हात धरून थांबवले. “फादर, ते गुड फ्रायडेचं प्रवचन, ते पुढच्या वर्षी पण कराल?”

आम्ही हसलो, उत्तर दिले नाही. घरी येऊन त्या दिवसाची वाचने उघडून बसलो. गुड फ्रायडेला दरवर्षी दुःखसहनाचे वाचन योहानाचे असते. ज्या पेल्यावर आम्ही इतके बोललो होतो तो योहानाच्या वृत्तांतात नाहीच. आम्ही तो मार्ककडून आणला होता. योहानात आहे ते इतकेच की, क्रुसावरून प्रभू आपल्याला तहान लागल्याचे सांगतो. जवळ उभे असलेले कोणीतरी आंबेत बुडवलेला स्पंज काठीवर बसवून त्याच्या तोंडाशी धरतात. आणि तो ती घेतो. इतकी वर्षे आम्ही हे वाचन वेदीसमोर उभे राहून करीत आलो, आणि त्या ओळीपाशी एकदाही थांबलो नव्हतो.